शाळा-वाचनालयांसाठी आभासी जग: निवडायचं कसं, उभं करायचं कसं आणि आपल्या ताब्यात ठेवायचं कसं

आभासी जगात, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या ज्या जगात माणसं बाहुलीच्या रूपाने फिरतात तिथे, वर्ग भरवायचा किंवा वाचनालयाचं दालन उघडायचं ठरलं की शिक्षक आणि ग्रंथपाल आधी विचारतात, "सगळ्यात चांगलं कुठलं?" माझ्या मते आधी विचारायला हवं ते असं: हे जग उद्या बंद झालं, तर आत बांधलेलं सगळं उचलून दुसरीकडे नेता येईल का? ग्राफिक्स, फुकट-विकत, व्हीआर चष्मा हे सगळं त्यानंतर.

असं म्हणायला कारण आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या अलायन्स लायब्ररी सिस्टिम या ग्रंथालय-संघटनेने ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात इन्फो आयलंड हे वाचनालयाचं बेट उभं केलं आणि ग्रंथपालांची तिथे रीघ लागली. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने शिक्षणसंस्थांची ५० टक्के सवलत बंद करायचं जाहीर केलं. ही सवलत २०१३ मध्ये परत आली, पण तोवर कितीतरी संस्थांनी बस्तान हलवलं होतं. किशोरवयीनांसाठीचं वेगळं ‘टीन सेकंड लाइफ’ २०११ मध्ये मिटलं. गूगल एक्सपिडिशन्स हे आभासी सहलींचं ॲप ३० जून २०२१ ला बंद झालं, अल्टस्पेस व्हीआर हे भेटीगाठींचं जग १० मार्च २०२३ ला आणि मोझिलाने ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या हब्स या आभासी खोल्यांमधून ३१ मे २०२४ ला अंग काढून घेतलं. हब्सचा कोड मुक्त असल्याने एका प्रतिष्ठानाने तो पुढे चालू ठेवला आहे. मात्र तो चालवायला आता स्वतःचा क्लाउड सर्व्हर लागतो.

मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या खोलीत कुणी संगमरवर बसवत नाही.

आधी गरज ठरवा, मग जागा

पाचवी ते नववीच्या मुलांकडून काही बांधून घ्यायचं असेल आणि संगणक कक्षात जुनी यंत्रं असतील, तर लुआंटी घ्या. याचं जुनं नाव माइनटेस्ट, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदललं. माइनक्राफ्टसारखं ठोकळ्यांचं जग आहे, पण पूर्ण मुक्त आणि मोफत. या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच देणार आहे, कारण मराठी शाळांच्या परिस्थितीला तेच सगळ्यात जवळचं आहे.

महाविद्यालय असेल, मोठी माणसं अवतार घेऊन एकत्र जमणार असतील, नाट्यगृह, दालनं, चर्चेचे कट्टे हवे असतील, तर ओपनसिम्युलेटर (थोडक्यात ओपनसिम).

वाचकाने घरून मोबाइलवर लिंक उघडावी आणि वाचनालयाचं प्रदर्शन बघून जावं, एवढंच हवं असेल, तर ए-फ्रेम, म्हणजे वेबपानावर त्रिमितीय दृश्य उभं करायचं साधन.

लांबलांबच्या ग्रंथपालांची सभा घ्यायची असेल, तर वर्कॲडव्हेंचर. यात वरून दिसणारा द्विमितीय नकाशा असतो, आपली बाहुली कुणाच्या जवळ नेली की त्याच्याशी व्हिडिओ-संवाद सुरू होतो. सगळी मुलं एकाच खोलीत बसलेली असताना मात्र हे वापरू नका. चाळीस माइक एकाच वेळी घुमायला लागले की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात.

माइनक्राफ्ट एज्युकेशनही उत्तम आहे, धडे तयार मिळतात. पण परवाने विकत घ्यावे लागतात आणि प्रत्येक मुलाला शाळेचं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तुमच्या शाळेत ही व्यवस्था आधीपासून असेल, तर बिनधास्त तेच वापरा.

लुआंटी बसवणं

इंटरनेट चालू असलेल्या एका संगणकावर लुआंटीची विंडोजसाठीची झिप फाइल उतरवून घ्या. ही पेनड्राइव्हवरून थेट चालते, इन्स्टॉल करावी लागत नाही. संगणक कक्षाचा ॲडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते सर बदलून गेलेत, ही अडचण अनेक शाळांत असते. इथे ती आड येत नाही.

आवृत्ती ५.८ पासून मूळ खेळ सोबत येत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर ‘कंटेंट’ विभागातून ‘माइनटेस्ट गेम’ उतरवावा लागतो. तेवढंच इंटरनेट लागतं. त्यानंतर शाळेचं नेट दिवसभर गेलं तरी अडत नाही, कारण खेळ आणि मोड (खेळात भर घालणारे छोटे जोडकार्यक्रम) फक्त सर्व्हरच्या, म्हणजे बाकीची यंत्रं ज्याला जोडली जातात त्या, संगणकावर असले की पुरतं. मुलांच्या यंत्रांना लागणारी चित्रं आणि आवाज सर्व्हर स्वतःच पाठवतो. सगळ्या यंत्रांवर लुआंटीची एकच आवृत्ती ठेवा, म्हणजे जोडणीच्या तक्रारी येत नाहीत.

सर्व्हरसाठी कक्षातला त्यातल्या त्यात बरा संगणक निवडा आणि तो वायरने जोडा, वायफायवर ठेवू नका. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा ठरवून घ्या, नाहीतर दर सोमवारी नवा पत्ता शोधत बसावं लागेल. नवीन जग तयार करताना ‘होस्ट सर्व्हर’ आणि ‘क्रिएटिव्ह मोड’वर खूण करा, ‘डॅमेज’ची खूण काढून टाका. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ३०००० असतो. विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते तेव्हा ‘अलाउ’ म्हणा, आणि हा पोर्ट यूडीपी प्रकारचा आहे हे संगणकवाल्या भाऊंना आधीच सांगून ठेवा. मुलांच्या यंत्रावर ‘जॉइन गेम’मध्ये सर्व्हरचा पत्ता, हाच पोर्ट, नाव आणि पासवर्ड टाकला की काम झालं.

पहिल्या तासाच्या आधी सेटिंगमध्ये हे बघून घ्या. एकावेळी येणाऱ्यांची मर्यादा मुळात १५ असते, ती तुमच्या यंत्रांइतकी वाढवा. रिकामा पासवर्ड चालणार नाही अशी सेटिंग करा. खेळातली आग बंद ठेवा. आणि ‘रोलबॅक रेकॉर्डिंग’ चालू करा. हे शेवटचं विसरू नका. कुणीतरी कुणाचंतरी घर पाडणारच. अशा वेळी रोलबॅकच्या आदेशाने त्या एका मुलाने गेल्या दहा मिनिटांत केलेले बदल उलटवता येतात. मात्र नोंद आधीपासून चालू असली तरच.

हक्कांची वाटणी ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’ या आदेशांनी होते. मुलांना ‘इंटरॅक्ट’ द्या, म्हणजे बांधता-खोदता येतं. ‘शाउट’ म्हणजे गप्पा मारण्याचा हक्क, तो पहिले काही तास काढून घ्या. शेजारी बसलेल्या मुलाशी बोलायला चॅट कशाला हवं? ‘टेलिपोर्ट’ आणि ‘ब्रिंग’ स्वतःकडे ठेवा. भरकटलेल्या मुलांना एका आदेशात परत चौकात आणता येतं. ‘एरियाज’ नावाचा मोड घालून प्रत्येक गटाला त्याचा तुकडा आखून द्या, त्या तुकड्यात दुसऱ्याला हात लावता येत नाही. भांडणं निम्म्याने कमी होतात.

यंत्रं बारा आणि मुलं अठ्ठेचाळीस असतील, तर दोन तुकड्या करा आणि एका यंत्रापाशी दोघं बसवा. एकाच्या हाती माउस, दुसऱ्याच्या हाती कागदी नकाशा आणि वही, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत संगणक सुरू होण्यातच पाच-सात मिनिटं जातात, म्हणून जोडून दोन तासिका मागून घ्या.

पहिला प्रकल्प: सात बेटं

"आत जा आणि काहीही बांधा" असं सांगितलंत, तर मुलं पहिल्या पाच मिनिटांत लाव्हा शोधून काढतील. काम ठरवून द्या. मुंबईत त्यासाठी हाताशी असलेला विषय म्हणजे आपल्या पायाखालची जमीन.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं मुलांना तोंडपाठ असतात. पण मधलं पाणी केवढं होतं, हे नकाशा बघून डोळ्यांसमोर येत नाही.

मोजमाप आधी ठरवा. कुलाब्याच्या टोकापासून माहीमपर्यंत सरळ रेषेत साधारण सोळा किलोमीटर. एक ठोकळा म्हणजे ५० मीटर धरला, तर लांबी ३२० ठोकळे येते, रुंदी त्याहून बरीच कमी. लुआंटीत पात्र सेकंदाला चार ठोकळे चालतं, म्हणजे कुलाब्याहून माहीम ऐंशी सेकंदांत. चर्चगेटची जलद लोकलही हरली. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, प्रमाणाचा धडा आपोआप होतो.

जग तयार करताना ‘फ्लॅट’ प्रकारचा नकाशा निवडा. त्याआधी प्रगत सेटिंगमध्ये सपाट जमिनीची पातळी उणे १ करा. समुद्राची पातळी मुळात १ असते, त्यामुळे चहूकडे दोन ठोकळे खोल समुद्र मिळतो. त्याहून खोल ठेवू नका, भराव घालताना मुलं कंटाळतील. मग तुम्ही स्वतः पाण्यात एक छोटा ओटा बांधा आणि ‘स्टॅटिक स्पॉनपॉइंट’ या सेटिंगमध्ये त्याची जागा टाका, म्हणजे सगळी मुलं तिथेच उतरतील.

बेटांच्या कडा आखायला जुन्या नकाशाची प्रत घ्या, तिच्यावर पेन्सिलीने चौकटी मारा आणि एकेका गटाला एकेक बेट द्या. आधी कडेची वाळू, मग आतली माती. मोठ्या जागा भरायला ‘वर्ल्डएडिट’ हा मोड आहे. दोन कोपरे दाखवले की मधला भाग एका आदेशात भरतो. तो फक्त शिक्षकाकडे असावा. मुलांच्या हाती गेला, तर तासाभराचं काम मिनिटात होईल आणि शिकणं तिथेच संपेल.

खरी मजा पुढच्या टप्प्यात आहे. मुलांना सांगा, आता वरळी आणि मुंबई बेटाच्या मधली खाडी बंद करा. ती आधी बादलीने पाणी उपसायला जातील. माइनटेस्ट गेममध्ये समुद्राचं पाणी उपसलं तरी आजूबाजूने परत भरतं, म्हणजे भराव घालण्यावाचून मार्ग नाही. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळातल्या माणसांपुढेही हाच पेच होता. महालक्ष्मी आणि वरळी जोडणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला, आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच्यावरून जातो. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता आणि रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, ही महालक्ष्मीची आख्यायिका इथे सांगा. मग बांधाच्या टोकाला देऊळ कुणी बांधायचं यावरून वर्गात चुरस लागेल. पुढे १८३८ चा कुलाब्याचा कॉजवे आणि १८४५ चा माहीमचा. साल आणि बांधकाम एकाच हाताने झालं, की सनावळ्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मुलं रमली, तर दिवाळीच्या सुट्टीआधी शीव, शिवडी किंवा वरळीचा किल्ला घ्या. मातीचा किल्ला करणाऱ्या हातांना तटबंदी, बुरूज, चोरवाट वेगळी शिकवावी लागत नाही. फक्त किल्ला एकदा प्रत्यक्ष बघून, पावलांनी मोजून मग बांधायला सांगा.

मराठी अक्षरांचा घोटाळा

या विषयावरच्या इंग्रजी मार्गदर्शकांत हे सहसा सापडत नाही, आणि आपलं काम मात्र इथेच अडतं. आभासी जगांतले बरेचसे कार्यक्रम देवनागरी अक्षरं दाखवतात, पण जुळवत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार हरवतो, जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. लुआंटीच्या पाट्या आणि पुस्तकं यांत हा त्रास होतो. कुठलंही नवं जग तपासताना ‘विद्यार्थी’, ‘श्रीकृष्ण’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘दुसऱ्या’ हे चार शब्द टाकून बघा. चारही नीट दिसले तर पुढे चला.

नाही दिसले तर दोन उपाय आहेत. एक, मजकूर साध्या शब्दसंपादकात टाइप करून त्याचं चित्र करा आणि ते चित्र पाटी म्हणून लावा. लुआंटीत त्यासाठी छोटा मोड लागतो: एक फोल्डर, त्यात ‘टेक्स्चर्स’मध्ये चित्रं आणि दहाबारा ओळींची लुआ भाषेतली फाइल. संगणक घेणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला हे एका दुपारी जमतं. दोन, जिथे जगाच्या आत वेबपान उघडता येतं तिथे मजकूर वेबपानावर ठेवा. ब्राउझर देवनागरी व्यवस्थित जुळवतो. ओपनसिममध्ये वस्तूच्या पृष्ठभागावर वेबपान लावता येतं, वर्कॲडव्हेंचरमध्ये नकाशातल्या ठरावीक जागी पाऊल टाकलं की पान उघडतं. ए-फ्रेमच्या त्रिमितीय अक्षरांवर मात्र विसंबू नका, तिथेही चित्रच लावा.

ग्रंथपालाचं काम इथून सुरू होतं

आभासी कपाटात पुस्तकांच्या चित्रांची आरास मांडायचा मोह होतो. मला ती निरुपयोगी वाटते. वाचकाला पुस्तक वाचायचं असतं, त्रिमितीय कणा बघायचा नसतो. त्याऐवजी आतल्या जगातून बाहेरच्या कपाटाकडे वाट काढा. माझगावच्या बेटावर एक बंद दार ठेवा. दाराचा आकडा हवा असेल, तर वाचनालयात ड्यूई वर्गीकरणातल्या ९५४ च्या, म्हणजे भारताच्या इतिहासाच्या, कपाटात जाऊन अमुक पुस्तकाच्या अमुक पानावरचं साल शोधा. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, हे मुलाला तक्त्यावरून समजणार नाही, पण दार उघडायचं असेल तर तो आपणहून विचारायला येईल.

सात बेटांसाठी वाचायला गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे १८६३ चं पुस्तक आहेच. त्यातले उतारे बिनदिक्कत वापरता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला मुद्रित मराठी ऐवज बहुतेक सगळा मोकळा आहे. त्यातलं काही मराठी विकिस्रोतावर टाइप केलेलं मिळतं. अलीकडच्या लेखकाचं मुखपृष्ठसुद्धा विचारल्याशिवाय लावू नका.

ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालय-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या ऑनलाइन तालिकेतल्या प्रत्येक नोंदीला स्वतःची लिंक असते. ओपनसिम, ए-फ्रेम आणि वर्कॲडव्हेंचर या तिन्हींत ती लिंक आतल्या वस्तूला जोडता येते. ग्रंथ बाहेर गेलाय की कपाटात आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

मुलांची नावं

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळेच्या आत चालणाऱ्या लुआंटीचा इथे मोठा फायदा होतो. ईमेल लागत नाही, फोन नंबर लागत नाही, नाव-पासवर्ड तुमच्याच यंत्रावर राहतात. तरीही खरं नाव आणि हजेरी क्रमांक एकत्र वापरू नका. ‘परळ-३’, ‘वरळी-१’ अशी गटनावं द्या आणि कोण कोणतं, ते कागदावर तुमच्या कपाटात ठेवा. सार्वजनिक सर्व्हरच्या यादीत आपला सर्व्हर जाहीर करायची सेटिंग बंद आहे ना, तेही बघा. पालकसभेत एकदा पडद्यावर हे जग दाखवलंत, तर "शाळेत गेम खेळवतात" ही तक्रार बरीचशी तिथेच मिटते.

मोठ्यांसाठी ओपनसिम

ओपनसिम्युलेटर २००७ मध्ये सुरू झालं. दिसायला-वागायला ते सेकंड लाइफसारखं, पण सर्व्हर आपला. विंडोजवर चालवायला डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर लागतं. पहिल्यांदा सुरू करताना ते जागेचं नाव, मालकाचं नाव असे प्रश्न विचारतं. ‘स्टँडअलोन’ (एकट्याने चालणारा) प्रकारच निवडा, ‘ग्रिड’च्या, म्हणजे अनेक सर्व्हर जोडलेल्या जाळ्याच्या, भानगडीत लगेच पडू नका. जमिनीचा एक तुकडा २५६ गुणिले २५६ मीटरचा, पोर्ट ९०००. आत शिरायला फायरस्टॉर्म हा दर्शक, म्हणजे जग पडद्यावर दाखवणारा कार्यक्रम, वापरतात. त्याची ओपनसिमसाठी वेगळी आवृत्ती आहे, तीच घ्या. दर्शकाला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. शाळेच्या जुन्या यंत्रांवर तो धापा टाकतो, म्हणूनच मी तो महाविद्यालयांना सुचवतो.

ओपनसिमची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ओएआर फाइल. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या आदेश टाइप करायच्या खिडकीत, ‘सेव्ह ओएआर’ म्हटलं की जमीन, इमारती, चित्रं, स्क्रिप्ट सगळं एका फाइलमध्ये येतं, आणि ‘लोड ओएआर’ म्हटलं की दुसऱ्या सर्व्हरवर जसंच्या तसं उभं राहतं. इतरांनी मुक्त परवान्यावर ठेवलेल्या तयार इमारतीही अशाच उतरवता येतात. सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल, तर काइटलीसारखी, दुसऱ्याच्या सर्व्हरवर ओपनसिमची जागा देणारी, सेवा भाड्याने घ्या. करार करताना ओएआर उतरवून देता का, एवढं आधी विचारा.

ए-फ्रेमबद्दल थोडक्यात सांगतो. मोझिलाच्या लोकांनी २०१५ मध्ये ते आणलं, साध्या एचटीएमएलसारखं लिहायचं असतं. वाचनकक्षाचा ३६० अंशांतला एक फोटो काढा, तो ‘आकाश’ म्हणून लावा, त्यात पाच-सहा चित्रं टांगा, प्रदर्शन तयार. फायलींचं फोल्डर असल्याने ते कुठल्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवता येतं. मोबाइलवर उघडायचं असल्याने प्रत्येक फोटो लहान करून मगच चढवा.

नोंद आणि प्रत

आठवड्यातून एकदा, सर्व्हर बंद करून, प्रत काढा. लुआंटीत जगाचं फोल्डर, मोडांचं फोल्डर, खेळाचं फोल्डर आणि सेटिंगची फाइल अशा चार गोष्टी लागतात. ओपनसिममध्ये ओएआर आणि सेटिंगचं फोल्डर. एक प्रत शाळेत, एक शाळेबाहेर. जुलैत तळमजल्यावरच्या संगणक कक्षात पाणी शिरतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको.

प्रतीबरोबर एक कागदही ठेवा: आवृत्ती कुठली, मोड कुठले, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे, सर्व्हर सुरू कसा करायचा. ग्रंथपाल असाल तर पुस्तकासारखी याचीही दाखल नोंदवहीत नोंद करा, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ते वस्तू म्हणून ताब्यात घ्यावं लागेल. आणि सत्र संपायच्या आत, त्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्याच एखाद्या संगणकावर हे जग सुरू करायला सहकाऱ्याला सांगा, तुम्ही स्वतः बाजूला बसा. तो जिथे जिथे अडेल, ते त्या कागदावर लिहून घ्या.